रॅकेट बदलली तरी कोपर पुन्हा दुखतंय? पॅडल खेळणाऱ्यांसाठी

तक्रार साधारण एकाच साच्यात येते. पॅडल, म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टवर चौघांनी खेळायचा रॅकेटचा खेळ, सुरू करून सहा-सात महिने झाले, उजव्या कोपराच्या बाहेरून कळ येते, बाटलीचं झाकण उघडतानाही जाणवते. तीन आठवडे खेळ बंद ठेवला, नवी रॅकेट घेतली, महिनाभर छान गेलं आणि आता परत तेच. मग प्रश्न येतो: "आता कुठली रॅकेट घेऊ?"

हे दुखणं बहुधा टेनिस एल्बो असतं. या टप्प्यावर लगेच तिसरी रॅकेट घेऊ नका. मधल्या काळात जे बरं वाटलं त्यातला मोठा वाटा विश्रांतीचा होता, श्रेय मात्र रॅकेटला मिळालं. विश्रांतीने दुखणं शमतं, पण कोपराला जोडलेली कंडरा (टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तेवढ्या दिवसांत बळकट होत नाही, उलट थोडी सैलावते. त्यात नव्या रॅकेटचा उत्साह असतो. आठवड्यातून दोनदा खेळणारा माणूस चारदा खेळायला लागतो आणि दुखणं परत येतं.

रॅकेटला महत्त्व नाही असं मुळीच नाही. चुकीची रॅकेट हातात असेल तर बाकी केलेलं सगळं पाण्यात जातं. पण चांगली रॅकेट प्रत्येक फटक्यामागचा भार कमी करते, तो भार पेलायची ताकद कोपराला देत नाही. ती वेगळी कमवावी लागते. दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या की हे चक्र थांबतं, म्हणून इथे दोन्हींबद्दल लिहितो आहे.

आधी हे टेनिस एल्बोच आहे का?

कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. मनगट वर उचलणारे स्नायू तिथून निघतात. त्यांतल्या एका स्नायूची कंडरा, डॉक्टर जिला ईसीआरबी म्हणतात, ती या दुखण्यात सगळ्यात जास्त सापडते. दुखरी जागा त्या उंचवट्यावर किंवा त्याच्या बोटभर पुढे असते.

घरी तपासायचं असेल तर हात सरळ ताठ ठेवून, तळवा जमिनीकडे करून, एखादी हलकी प्लॅस्टिकची खुर्ची पाठीला धरून उचलून बघा. बाहेरच्या बाजूला चटकन कळ आली तर संशय पक्का. दुसरी खूण म्हणजे हात सरळ ठेवून मधलं बोट वर उचलायचं आणि दुसऱ्या हाताने ते खाली दाबायचं. तिथेच दुखलं तर तेच.

दुखणं कोपराच्या आतल्या बाजूला असेल तर ते गोल्फर्स एल्बो, त्याचे व्यायाम वेगळे. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, मानेपासून खाली कळ उतरत असेल, कोपर अडकत असेल, सुजलं असेल, किंवा पडल्यानंतर दुखायला लागलं असेल तर पुढचं वाचण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. रॅकेटच्या निवडीने यातलं काही सुटणार नाही.

हे दुखणं मुख्यतः पस्तीस ते पंचावन्न या वयात गाठतं. आपल्याकडे पॅडल कोर्ट बुक करणाऱ्यांत याच वयाची माणसं भरपूर आहेत, आणि ती दिवसभर माऊस धरून बसलेली असतात, हे विसरता येत नाही. सूज हा यातला मुख्य भाग नसतो. कंडरेचे तंतू झिजून विस्कटलेले असतात. म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

सचिन तेंडुलकरला 2004 मध्ये याच दुखण्याने सामने सोडावे लागले आणि 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच जणांच्या मनात टेनिस एल्बो म्हणजे ऑपरेशन असं बसलं आहे. तसं नाही. बहुतेक लोक शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, फक्त वेळ लागतो आणि तो आठवड्यांत नाही, महिन्यांत मोजावा लागतो.

पॅडलची रॅकेट कोपरावर का येते

टेनिसच्या रॅकेटला तारा असतात. चेंडू लागला की त्या ताणल्या जातात आणि धक्क्याचा बराच भाग तिथेच जिरतो. पॅडलच्या रॅकेटला तारा नाहीत. जास्तीत जास्त 38 मिलिमीटर जाडीचं भोकं पाडलेलं पान, आत फोमसारखा गाभा, वरून फायबरग्लास किंवा कार्बनचा थर. धक्का जिरवायचा तो या दोघांनीच. ते कडक असतील तर उरलेला धक्का हातात येतो.

दुसरी गोष्ट पिळवटण्याची. चेंडू पानाच्या मधोमध बसला नाही, कडेला लागला, की रॅकेट मुठीत फिरायला बघते. ती फिरू नये म्हणून आपण नकळत मूठ आवळतो. मूठ आवळताना मनगट आत वळू नये याची जबाबदारी त्याच बाहेरच्या स्नायूंवर पडते. कडेला लागलेला प्रत्येक चेंडू त्या कंडरेवर एक झटका देऊन जातो. तासाभराच्या खेळात असे किती बसतात ते नवख्या खेळाडूला विचारायला नको.

आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे बॅडमिंटन. पुण्या-मुंबईत पॅडलकडे वळलेल्यांत बॅडमिंटन खेळून आलेले खूप आहेत. त्यांची नजर चांगली असते, नेटजवळ हात पटकन पोचतो, पहिल्याच दिवशी ते बाकीच्यांना भारी पडतात. पण बॅडमिंटनची रॅकेट 80-90 ग्रॅमची आणि पॅडलची 360 च्या आसपास, म्हणजे चौपट. मनगटाचा जो झटका तिथे गुण होता तोच इथे कोपर खातो. बॅकहँडला मनगट आधी मोडायचं आणि शेवटच्या क्षणी उघडायचं, ही सवय वर्षानुवर्षं मुरलेली असते. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला मी पहिलं हेच विचारतो, आधी काय खेळायचात? उत्तर बॅडमिंटन असेल तर नवी रॅकेट घेण्याआधी बॅकहँडचा व्हिडिओ काढून बघायला सांगतो. कोर्टच्या मागच्या काचेपलीकडे मोबाइल ठेवला तरी पुरतं. चेंडू लागताना मनगट मागे मोडलेलं दिसतंय का आणि चेंडू शरीराच्या पुढे लागतोय की बाजूला, एवढं बघायचं.

हातातली रॅकेट तपासा

नवीन घेण्याआधी जी आहे ती मोजून घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, एक फूटपट्टी आणि दहा मिनिटं एवढंच लागतं.

वजन करताना ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी), टोकावरचं प्रोटेक्टर (फ्रेम घासू नये म्हणून चिकटवलेली पट्टी), मनगटाची दोरी सगळं लावलेलं असू द्या, कारण खेळताना तेवढंच हातात असतं. रॅकेटवर बहुधा एक पल्ला छापलेला असतो, 360 ते 375 ग्रॅम असा. म्हणजे एकाच मॉडेलचे दोन नग पंधरा ग्रॅमने वेगळे असू शकतात. मित्राची रॅकेट छान वाटली म्हणून तीच मागवली आणि आपली जड निघाली, हे असंच घडतं.

मग तोल. फूटपट्टी कडेवर उभी धरायची, रॅकेट त्यावर आडवी टेकवायची आणि दोन्ही बाजू सारख्या तरंगतील तिथे थांबायचं. मुठीच्या बुडापासून त्या जागेपर्यंतचं अंतर मोजायचं. साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर किंवा कमी आलं तर तोल खाली आहे, कोपराला सोयीचा. सव्वीसच्या आसपास मध्यम. साडेसव्वीसच्या वर गेलं तर वजन टोकाला आहे, आणि दुखऱ्या कोपराला अशी रॅकेट नको. काट्यावरचं वजन तेच असलं तरी टोकाला जड असलेली रॅकेट फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. थांबवायला हे महत्त्वाचं, कारण व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडण्याआधीच चेंडू मारताना, आपण रॅकेट फिरवत कमी आणि रोखून जास्त धरतो.

टोकाला चिकटवलेल्या प्रोटेक्टरकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. 360 ग्रॅमच्या, तोल 26 सेंटिमीटरवर असलेल्या रॅकेटच्या टोकाला 8 ग्रॅमचं प्रोटेक्टर लावलं की तोल जवळपास 4 मिलिमीटर वर सरकतो. म्हणजे मध्यम तोलाची रॅकेट घेऊन तुम्ही ती घरी आणून जवळपास वरच्या तोलाची करता. उलट बाजूने, मुठीवर 6 ग्रॅमचं एक ओव्हरग्रिप जास्त गुंडाळलं की तोल साधारण 3 मिलिमीटर खाली येतो. प्रोटेक्टर काढलं आणि एक ओव्हरग्रिप वाढवलं, तर नवीन रॅकेट न घेता पाऊण सेंटिमीटरचा फरक पडतो. जाड प्रोटेक्टरच्या जागी पातळ पारदर्शक पट्टी लावता येते. काचेवर घासून फ्रेम थोडी खरचटेल, खरचटू द्या.

शेवटी रॅकेटचं वय. पानावर अंगठ्याच्या नखाने जागोजागी टकटक करा. एखाद्या भागातून फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, किंवा फ्रेमवर केसासारखी चीर दिसली, तर गाभा किंवा फ्रेम आतून तुटलेली आहे आणि कंपनं सरळ हातात येणार. आठवड्यातून तीन-चारदा खेळणाऱ्याची रॅकेट वर्षभरात थकते. कोर्टवर भाड्याने मिळणाऱ्या रॅकेट तर किती हातांतून गेल्या आहेत याचा हिशेबच नसतो. कोपर दुखत असेल तर त्या टाळा.

घ्यायचीच असेल तर काय घ्यायची

आकार तीन: गोल, थेंबासारखा आणि हिऱ्यासारखा. गोल रॅकेटचा तोल खाली असतो आणि चेंडू गोड लागतो ती मधली जागा मोठी असते. कडेला लागणारे चेंडू कमी, म्हणजे पिळवटणं कमी. दुखणं असेल तोवर गोलच घ्या, यात मला काही शंका नाही. थेंबाच्या आकाराची रॅकेट पूर्ण बरं झाल्यावर चालेल, तीही तोल मोजून. हिऱ्याच्या आकाराची रॅकेट स्मॅशला जोर देते, पण तिची गोड जागा लहान आणि वर टोकाकडे असते. ती तुमच्यासाठी नाही, निदान या वर्षी नाही.

वजनाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, की जितकी हलकी तितकी चांगली. फार हलकी रॅकेट जोराच्या चेंडूपुढे मागे ढकलली जाते आणि ती धरून ठेवायला मूठ आणखी आवळावी लागते, शिवाय चेंडूला वेग द्यायला हात जास्त जोरात फिरवावा लागतो. फार जड रॅकेटने खेळ संपता संपता हात थकतो आणि फटके उशिरा लागतात. सगळं लावून 350 ते 365 ग्रॅम ही बहुतेकांना मानवणारी जागा आहे. बांधा लहान असेल, मनगट बारीक असेल तर 340 ते 355. तोल खाली असेल तर पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे फार मनावर घेऊ नका. माझं मत विचाराल तर वजनापेक्षा तोल आधी बघा.

गाभा दोन प्रकारचा. ईव्हीए म्हणजे चपलांच्या तळव्यात असतो तोच पदार्थ, वेगवेगळ्या घनतेचा. दुसरा पॉलिएथिलीनचा, ज्याला नुसतं फोम म्हणतात. तो जास्त मऊ, पण लवकर बसतो. कोपरासाठी सॉफ्ट ईव्हीए हा मधला मार्ग बरा. हार्ड लिहिलेलं दिसलं की खाली ठेवा. मात्र सगळ्यात मऊ तेच सगळ्यात चांगलं असंही नाही. फार मऊ गाभ्यात जोराचा चेंडू रुततो, हवा तसा निघत नाही, आणि माणूस त्याची भरपाई ताकदीने करायला लागतो.

गाभ्यावर हवेचा परिणाम होतो हेही लक्षात घ्या. ईव्हीए थंडीत कडक होतं, उन्हात मऊ पडतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात किंवा नाशकात सकाळी सहाला पारा दहाच्या आसपास असतो, तेव्हा तुमची मऊ रॅकेट मऊ राहत नाही. थंडीच्या दिवसांत ज्यांचं दुखणं उचल खातं त्यांनी ही शक्यता तपासावी. पहिली दहा मिनिटं हळू खेळावं किंवा सरळ संध्याकाळची वेळ घ्यावी. मुंबईत, गोव्यात, दुबईत उलटं. तिथे फार मऊ गाभा उन्हाळ्यात चिखल होतो, म्हणून सॉफ्ट आणि मीडियम यांच्या मधलं घेतलं तर वर्षभर चालतं. आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. भर दुपारी डिकी तापते तेव्हा आतला गाभा आणि त्याला धरून ठेवणारा गोंद दोन्ही खराब होतात.

वरचा थर फायबरग्लासचा असेल तर पान थोडं लवचीक राहतं. कार्बन कडक. कार्बनवर 3के, 12के, 18के असं लिहिलेलं असतं. एका धाग्यात किती हजार तंतू आहेत एवढंच तो आकडा सांगतो. थर किती, राळ कोणती, आत गाभा कोणता, यावर रॅकेटचा कडकपणा ठरतो, म्हणून नुसत्या के वरून निवड करू नका. दुखऱ्या कोपराला फायबरग्लास आणि सॉफ्ट ईव्हीए ही जोडी सगळ्यात सोपी. गंमत अशी की ही जोडी बहुधा स्वस्त आणि मधल्या किमतीच्या रॅकेटमध्ये मिळते. सगळ्यात महागड्या रॅकेट कार्बनच्या, कडक आणि टोकाला जड असतात, कारण त्या व्यावसायिक खेळाडूंच्या नावाने निघतात. त्या खेळाडूंचे हात रोज कित्येक तास सरावाने तयार झालेले, सोबत फिजिओ. आगुस्तीन तापिया किंवा आलेहांद्रो गालानच्या नावाची रॅकेट हातात घेतल्याने त्यांचं मनगट आपल्याला मिळत नाही, पण तिचा कडकपणा मात्र पुरता मिळतो.

नावंच हवी असतील तर नॉक्सची एमएल10 प्रो कप ही गोल, फायबरग्लासच्या पानाची रॅकेट बरीच वर्षं कोपर सांभाळून खेळणाऱ्यांत चालते. डेकॅथलॉनच्या कुइक्मामध्येही गोल, मऊ मॉडेल मिळतात. दरवर्षी मॉडेल बदलतात, म्हणून नावापेक्षा वर सांगितलेल्या गोष्टी दुकानात तपासा: गोल आकार, खालचा तोल, सॉफ्ट ईव्हीए, फायबरग्लास, वजन 365 च्या आत. ऑनलाइन मागवत असाल तर विक्रेत्याला त्या नगाचं वजन करून फोटो पाठवायला सांगा. चांगला विक्रेता पाठवतो.

मुठीत कंपन शोषणारी यंत्रणा आहे, अशी जाहिरात खूप रॅकेटवर असते. त्याने हाताला बरं वाटू शकतं. पण मुठीत जाणवणारी झिणझिण आणि कंडरेवर पडणारा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेनिसच्या तारांमध्ये अडकवायचं रबरी बटण आवाज बदलतं, कोपराचा भार तसा हलका करत नाही. तेव्हा अशा यंत्रणेसाठी जास्त पैसे मोजायचे तर बाकी सगळं जमल्यावर.

मूठ

पॅडलच्या रॅकेटची मूठ बहुतेक एकाच मापात येते आणि मोठ्या हाताला ती बारीक पडते. बारीक मूठ घट्ट धरावी लागते. नेहमीसारखी पकड घ्या आणि बोटांची टोकं आणि तळव्याचा अंगठ्याकडचा फुगीर भाग यांच्यात दुसऱ्या हाताचं एक बोट जेमतेम मावतं का बघा. मावत नसेल, बोटं तळव्यात रुतत असतील, तर एक ओव्हरग्रिप वाढवा. खूप जागा उरत असेल तर मूठ जाड झाली आहे, एक काढा.

आपल्या हवेत याहून मोठा प्रश्न घामाचा. मुंबईत मे महिन्यात अर्ध्या तासात ओव्हरग्रिप ओलं होतं, रॅकेट निसटेल असं वाटतं आणि मूठ आपोआप आवळली जाते. दीड तास आवळलेल्या मुठीने खेळलात तर कुठलीही रॅकेट कोपर वाचवू शकणार नाही. कोरड्या स्पर्शाचं, घाम शोषणारं ओव्हरग्रिप वापरा आणि ते गुळगुळीत दिसायला लागलं की लगेच बदला. शंभर-दीडशे रुपयांची गोष्ट आहे. पाच हजारांच्या आणि पंचवीस हजारांच्या रॅकेटवर तेच मळकं ओव्हरग्रिप महिनोन्महिने बघितलं की वाईट वाटतं. सोबत मनगटाला घामाची पट्टी आणि बॅगेत छोटा टॉवेल ठेवा.

दोन फटक्यांच्या मध्ये रॅकेटचं वजन दुसऱ्या हातावर द्या. पानाच्या खाली, जिथे मूठ संपून फ्रेमची दोन पाती फाकतात, तिथे डाव्या हाताची बोटं ठेवायची आणि उजवी मूठ सैल सोडायची. फटका मारतानाच ती घट्ट व्हावी, तेही गरजेपुरती. चांगले खेळाडू हे सतत करतात. तुमच्याच कोर्टवर एखाद्या प्रशिक्षकाचा डावा हात बघत बसा, लगेच कळेल.

चेंडूंबद्दल थोडक्यात. फुसके झालेले चेंडू मारायला जास्त जोर लागतो, पावसाळ्यात उघड्या कोर्टवरचे ओले चेंडू जड होतात. दोन्ही टाळा. चौघांत मिळून नवा डबा घेतला तर प्रत्येकी फार येत नाही.

परत परत का येतं, आणि ते कसं थांबवायचं

इथे धीर लागतो. कंडरा हळूहळू वाढवलेल्या भाराने बळकट होते, आणि त्याला आठ ते बारा आठवडे लागतात. दुखायचं थांबलं म्हणजे ती तयार झाली असं नाही.

खूप दुखत असेल तेव्हा सुरुवात स्थिर व्यायामाने करा. हात टेबलावर, तळवा खाली, पंजा कडेबाहेर. दुसऱ्या हाताने पंजा वरून दाबायचा आणि पंजाने तो दाब अडवून धरायचा, 30 ते 45 सेकंद, मध्ये मिनिटभर थांबत चार-पाच वेळा. दुखणं जरा शमलं की त्याच स्थितीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हातात घ्या. दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर आणायचा, मग मदत सोडून बाटली अगदी सावकाश, मनात चार मोजत खाली न्यायची. पंधरा वेळा, तीन फेऱ्या. सोपं वाटायला लागलं की एक लिटरची बाटली, नंतर डंबेल. जिममध्ये किंवा ऑनलाइन रबरी दांडा मिळत असेल तर तो पिळून सावकाश सोडण्याचा व्यायामही चांगला. खांद्याचे आणि पाठीचे व्यायाम यासोबत करा. खांदा थकला की ते काम मनगट उचलतं.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, अट एवढीच की दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसावं. खेळालाही हाच नियम लावा. सकाळी उठल्यावर तीच खुर्ची उचला. कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी वेळ कमी करा.

परत खेळायला लागताना पहिले दोन आठवडे सलग दोन दिवस खेळू नका. अर्धा-पाऊण तास, ओळखीच्या माणसांबरोबर, स्मॅश बाजूला ठेवून. काचेवरून परत येणाऱ्या चेंडूला घाई करू नका. तो पुढे येऊ द्या आणि शरीराच्या पुढेच मारा, कारण उशिरा लागलेला बॅकहँड कोपराला सगळ्यात जास्त छळतो. जमत नसेल तर काही दिवस दोन हातांनी बॅकहँड मारा. नवी रॅकेट आणि वाढवलेला खेळ एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर कोणाचा काय परिणाम झाला तेच कळणार नाही.

कोपरापासून दोन बोटं खाली हाताभोवती बांधायचा पट्टा काहींना खेळताना आराम देतो. वापरायला हरकत नाही, दुखऱ्या जागेच्या बरोबर वर मात्र बांधू नका.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण स्पर्धा तोंडावर आली की माणूस त्याकडे वळतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या दोन अभ्यासांत, 2006 आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इंजेक्शन घेतलेल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत नक्कीच बरं वाटलं. पण वर्षाअखेरीस त्यांची स्थिती इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा वाईट होती आणि दुखणं परत येण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त होतं. डॉक्टरांनी सुचवलं तर हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोला आणि मग ठरवा.

बारा आठवडे व्यायाम नेमाने केले, रॅकेट मोजून नीट केली, तरी खुर्ची उचलताना तेवढंच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्ट आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर दोघांनाही दाखवा. सोनोग्राफीत कंडरेची अवस्था दिसते. जाताना रॅकेट सोबत न्या, आणि वजन, तोल, आठवड्याचे खेळाचे तास, दुखणं कधी वाढतं, हे कागदावर लिहून न्या.